बाहेरून कडी

"स्क्रू तिरका जातोय," अण्णा म्हणाले.

लांब्याचा हात थांबला. आमच्या घराच्या दाराबाहेर तो गुडघे टेकून बसला होता आणि अण्णा त्याच्या डोक्याशी, हातात स्क्रूंची डबी धरून, मुकादमासारखे उभे होते.

"लाकूड जुनं आहे. आधी बारीक भोक पाड, मग स्क्रूला साबण चोळ. शंभरदा सांगितलंय तुला."

"हो अण्णा."

"हो अण्णा, हो अण्णा. आणि करायचं आपलंच."

लांब्या हा अण्णांचा चेला. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली कुलपं उघडली, आता चौकात त्याचं स्वतःचं किल्ल्यांचं दुकान आहे. पहिल्याच दिवशी चौकटीला डोकं आपटून आत आला म्हणून अण्णांनी त्याला लांब्या म्हटलं, आणि आता पन्नाशीला टेकला, दोन मुलींचा बाप झाला, तरी तो लांब्याच. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्याच्या आत हाताची घडी घालून उभी होते. ताई, अजून वेळ गेलेली नाही, नको म्हणा, असं त्या बघण्यात होतं. मी साबण आणायला आत गेले.

अण्णांनी स्वतः एक स्क्रू साबणाच्या वडीवर फिरवला आणि लांब्याच्या तळहातावर ठेवला. मग कडी हातात घेऊन वजन बघितलं, पुढे-मागे सरकवून बघितली.

"माल चांगला आहे. कुणाचं काम हे?"

"आहे एक गिऱ्हाईक," लांब्या म्हणाला.

"बरं. पण बाहेरच्या अंगाने कशाला? आत कोण राहणार आहे?"

लांब्याने ड्रिल सुरू केलं. त्याचा आवाज थांबला तेव्हा अण्णा अजून उत्तराची वाट बघत होते.

"अण्णा, चहा टाकते," मी म्हणाले.

"टाक. ह्याच्यासाठीही टाक. रिकाम्या पोटी माणसाचा स्क्रू तिरका जातो."

अण्णांना जाऊन आता सहा महिने होत आले. ते गेले तेव्हा घरी माणसांची रीघ लागली होती. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नव्हते. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी अण्णांचा चेहरा नीटसा पाहिला नव्हता. त्यांना आठवत होता तो दारापलीकडून आलेला आवाज.

अण्णा किल्लीवाले. दुकानात बसून किल्ल्या कापायचं काम असायचंच, पण त्यांचं खरं काम म्हणजे अडकलेली माणसं सोडवणं. कुणी आतून किल्ली फिरवून बसलेलं, कुणाचं लॅच बिघडलेलं, कुणी कार्यालयाच्या फायलींच्या खोलीत कोंडलेलं. निरोप आला की अण्णा हातातलं काम टाकून पिशवी उचलायचे. दारापाशी पोचले की कुलपाला हात लावायच्या आधी दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "आत कोण आहे?" उत्तर आलं की म्हणायचे, "घाबरू नका. मी किल्लीवाला. मी दाराबाहेर आहे, आणि दार उघडेपर्यंत कुठंही जाणार नाही. आता मला सांगा, तुम्हाला खोलीत काय काय दिसतंय? एकेक सांगा. घाई नाही."

ह्यामागे त्यांचा एक हिशेब होता. अडकलेल्या माणसाला दाराशिवाय दुसरं काही दिसत नाही, म्हणून त्याचा जीव गुदमरतो. त्याला बाकीची खोली दाखवायची. तो खोली बघेपर्यंत आपलं काम होतं.

भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला आपापली खोली सांगितली. एका प्राध्यापकबाईंना चाळीस वर्षांपूर्वीचं आरशाचं कपाट, त्यावरची अत्तराची रिकामी बाटली आणि खुंटीवरचा नवऱ्याचा कोट आठवत होता. नवरा बिचारा कधीच विसरला गेला असावा, कोट तेवढा आठवत होता. एक गलेलठ्ठ गृहस्थ म्हणाले, "मी अडकलो होतो संडासात. तिथं दिसून दिसून काय दिसणार हो? तरी तुमच्या वडिलांनी माझ्याकडून सात वस्तू काढल्या." एवढं बोलून ते हसले आणि हसताहसता त्यांना रडू फुटलं. मीच त्यांना पाणी आणून दिलं.

सगळे म्हणत होते, देवमाणूस होता. मी मान हलवत होते. कडीबद्दल मी कुणाला काही सांगितलं नाही.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून अण्णांनी मला एकट्याने वाढवलं. माझ्या वेण्या तेच घालायचे. तार पिळायची सवय असलेले ते हात, वेण्या इतक्या घट्ट की दिवसभर माझ्या भुवया चढलेल्या. शाळेतल्या बाई विचारायच्या, "तू सारखी आश्चर्याने काय बघतेस?" शाळा सुटली की मी दुकानात, आणि बोलावणं आलं की त्यांच्याबरोबर, हातात बॅटरी धरून. कुलपाच्या पोटातले खटके मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पण त्यांनी मला धंद्यात येऊ दिलं नाही. शिक म्हणाले. मी शिकले, रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागले, आणि माझ्या पहिल्या दिवशी अण्णा लॅबच्या दारावरचं कुलूप बघून आले. "भिकार आहे," म्हणाले, "पण तू आतून कडी लावू नकोस म्हणजे झालं."

कडीवर त्यांचा राग होता. कुलपाला वाट असते, कडीला नसते, असं ते म्हणायचे. कुलूप कितीही अवघड असो, त्याला भोक असतं, आणि भोक असलं की बाहेरच्या माणसाला आशा असते. कडीपुढे किल्लीवाला आणि भाजीवाला सारखेच.

माझी मुलगी तीन वर्षांची असताना न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी घातली. तिला आम्ही टिटवी म्हणतो, कारण पाळण्यात होती तेव्हापासून तिचा आवाज तसाच. तिचे वडील जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. मी दुकानात फोन केला. अण्णा रस्त्यातली माणसं बाजूला सारत धावत आले, पण दारापाशी पोचल्यावर श्वास आवरून, दोनदा टकटक करून, अगदी शांतपणे विचारलं, "आत कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"टितवी."

"अरे वा. टिटवीबाई, तुम्हाला काय काय दिसतंय?"

बादली दिसत होती. मग्गा दिसत होता. साबण, टॉवेल, पुन्हा बादली. कडी काढ म्हटलं की ती म्हणायची, "नाय निघत." वरच्या झरोक्यातून मांजरही शिरलं नसतं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, वस्तू संपल्या, आणि मग आतून आवाजच येईना. अण्णांनी दोनदा हाक मारली. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी उजव्या खांद्याने दार फोडलं. तीन धडकांत.

टिटवी बादलीला टेकून झोपली होती.

त्या दिवसानंतर अण्णांचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, वर आहे काय घ्यायला? पण दुसऱ्याच दिवशी डाव्या हाताने त्यांनी घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून माझ्या डोक्याच्या उंचीवर बसवल्या. टिटवी पहिलीपासून बारावीपर्यंत ज्या ज्या शाळेत गेली, त्या शाळेच्या मुलींच्या संडासांची दारं अण्णा पहिल्या आठवड्यात जाऊन बघून यायचे. शिपाई हसायचे. एका मुख्याध्यापिकेने तक्रारसुद्धा केली. अण्णा म्हणाले, "बाई, तक्रार मागाहून करा, आधी ती तिसरी कडी बदला." ती बदलली गेली.

आणि एक प्रसंग मला सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी दहा वर्षांची असेन. एका मोठ्या घरातून बोलावणं आलं. घरमालक सभ्य होते, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांना एका आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून हवी होती. खोलीत त्यांची आई होती.

"वेळी-अवेळी उठून चालायला लागते हो," ते म्हणाले. "परवा विहिरीपाशी सापडली."

"त्यांना विचारलंत?" अण्णा म्हणाले.

"तिला काय कळतंय आता?"

अण्णांनी बाहेर काढलेलं गिरमिट पुन्हा पिशवीत ठेवलं. "फाटकाला लावून देतो. विहिरीवर जाळी घालून देतो. पण आत माणूस असलेल्या दाराला बाहेरून कडी मी लावत नाही."

"मग आम्ही काय करायचं?" ते गृहस्थ म्हणाले.

आम्ही निघालो. रस्त्यात मी विचारलं, "अण्णा, मग त्यांनी काय करायचं?" अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "मला माहीत नाही. मला कुलपातलं कळतं."

तो माणूस मला राक्षस वाटला होता. कित्येक वर्षं वाटत होता. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खोटं नाही. आता आठवतं तेव्हा आधी त्याचे डोळे आठवतात, तांबारलेले, महिनोन्महिने झोप नसलेल्या माणसाचे.

अण्णांचं विसरणं लहानसहान गोष्टींनी सुरू झालं, सगळ्यांचं होतं तसं. मग टिटवीला माझ्या नावाने हाक मारू लागले, मला आईच्या. ते चाललं असतं. पण नावं गेली, तारखा गेल्या, घर गेलं, आणि हातातलं कसब मात्र जसंच्या तसं राहिलं. तेच आमच्या मुळावर आलं.

"निरोप आलाय," असं म्हणून ते उठायचे. "बाई अडकल्यात." आणि चालू पडायचे. एका रविवारी आमच्याच इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब बाहेरून परत आलं, तर दार उघडं आणि अण्णा त्यांच्या सोफ्यावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेले. त्यांनाच काळजीने म्हणाले, "आत कुणी नाही हो. मी सगळ्या खोल्या बघितल्या." पोलिसांना बोलावलं गेलं. पोलीस भला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, हे कुलूप उघडायला आमच्या चोरांना अर्धा तास लागतो. ह्यांचं काहीतरी बघा."

काहीतरी काय बघायचं? मी पिशवी लपवली. त्यांनी केसांच्या पिनेने आमचं दार उघडलं. पिना लपवल्या. त्यांनी स्वतःच्या चष्म्याची काडी मोडून दार उघडलं आणि चष्म्याविना रस्त्यावर गेले. दिवसभरासाठी एक बाई ठेवली. अण्णा तिच्याशी इतक्या अदबीने वागायचे की ती खूश होती, आणि दुपारी तिचा डोळा लागला की तितक्याच अदबीने दार लोटून घेऊन निघून जायचे. आठव्या दिवशी तिने हात जोडले. एकदा हमरस्त्याच्या मधोमध सापडले, एका ट्रकवाल्याने आणून सोडलं. एकदा मोटरसायकलचा धक्का लागला आणि कपाळाला सहा टाके पडले. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, "ह्यांना एकटं बाहेर सोडू नका." मी विचारलं, "कसं?" ते म्हणाले, "ते तुम्हालाच बघावं लागेल." त्यांना तरी काय बोलू? माझ्या रजा संपल्या होत्या, बिनपगारी संपल्या होत्या, साहेबांनी शेवटचं पत्र दिलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेणारी एक जागा आहे, तीही पाहून आले. अण्णांना बरोबर घेऊन गेले. स्वच्छ होती. लांबच लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दाराला बाहेरून कडी. तिथली बाई मला नियम समजावून सांगत होती तेवढ्यात अण्णा पहिल्या दारापाशी थांबले. टकटक. "आत कोण आहे?" मग दुसऱ्या दारापाशी. मग तिसऱ्या. आतून उत्तरं यायला लागली. कुणी नाव सांगितलं, कुणी नुसतं "मी, मी" म्हणत राहिलं. अण्णा घामाघूम झाले. "एवढी माणसं अडकलीत," मला म्हणाले, "आणि माझी पिशवी कुठाय?"

मी त्यांना घरी आणलं आणि लांब्याला फोन केला.

लांब्या आधी नाहीच म्हणाला. "ताई, अण्णांचा नियम तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याच दाराला मी..."

"नियम अण्णांचा होता," मी म्हणाले. "टाके मी बघितले."

"मी रोज येऊन बसतो पाहिजे तर."

"दुकान बंद करून? किती दिवस?"

दुसऱ्या दिवशी तो कडी घेऊन आला. आतल्या बाजूने कुलपाच्या भोकावर पत्रा ठोकायचा, म्हणजे पिन शिरायला जागाच नको, हेही त्यानेच सुचवलं. अण्णांनी शिकवलेलं सगळं त्याने अण्णांच्या विरुद्ध वापरलं, आणि अण्णा त्याला स्क्रू देत राहिले. काम झाल्यावर त्यांनी कडीत दोन थेंब तेल सोडलं, चार वेळा सरकवली. "आता कसं," म्हणाले. "आवाज नाही." लांब्या चहा न पिताच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी कॉलेजला गेली. ती एक वाजता परत येते. साडेसात ते एक, एवढाच प्रश्न होता. मी अण्णांना खायला घातलं, जेवण झाकून ठेवलं, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला, रेडिओ लावला. समोरच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगितलं. "येते अण्णा," म्हणाले. "ये," ते म्हणाले. मी दार ओढून घेतलं आणि कडी सरकवली. खरंच आवाज झाला नाही.

आत पावलं वाजली. मूठ फिरली, पुन्हा फिरली. मग काहीच नाही. मी चपला घालत होते.

टकटक.

"आत कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशी मी तिथंच उभी राहिले.

"आत कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

"घाबरू नका बाई. मी किल्लीवाला. मी दाराबाहेर आहे, आणि दार उघडेपर्यंत कुठंही जाणार नाही. किती वेळ झाला अडकून?"

"आत्ताच."

"एकट्याच आहात?"

"हो."

"लागलंबिगलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. आता मला सांगा, तुम्हाला काय काय दिसतंय? एकेक सांगा. घाई नाही."

हे मी लहानपणी बॅटरी धरून किती वेळा ऐकलं असेल. माझ्यासाठी म्हणून कधी ऐकलं नव्हतं.

"कठडा," मी म्हणाले. "लोखंडी."

"खोलीत कठडा? असेल, असेल. मोठं घर दिसतंय. पुढं?"

"चपला आहेत. तीन जोड."

"छान."

"कुंडी आहे एक. झाड वाळलंय."

"सुटलात की पाणी घाला त्याला. आणखी?"

"दार," मी म्हणाले.

"दाराकडे बघायचं नाही. दार माझ्याकडे लागलं."

बोलता बोलता त्यांचं बोट पत्र्यावरून फिरत होतं. मला ऐकू येत होतं. वर, खाली, पुन्हा वर. भोक शोधत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कुलूप विचित्र आहे. कुणी बसवलंय कुणास ठाऊक. वेळ लागेल बाई. पण होईल."

माझा हात कडीवर होता. एक इंच सरकवायची, बस. पण सरकवून पुढे काय? त्यांना आत बसवायचं, समजूत घालायची, पुन्हा दार ओढायचं, पुन्हा हेच. किंवा घरी राहायचं, आणि नोकरी गेली की मग जहाजावरून येणाऱ्या एका पगारात टिटवीचं कॉलेज, त्यांची औषधं? त्या मोठ्या घरातल्या माणसासारखंच विचारावंसं वाटलं, मग आम्ही काय करायचं? विचारणार कुणाला? आयुष्यभर ज्यांना विचारलं ते दारापलीकडे माझी सुटका करत होते.

"बाई? आहात ना?"

"आहे."

"बोलत राहा."

मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरले. पावलांचा आवाज त्यांना जाऊ नये म्हणून.

लॅबमध्ये आत मोबाइल नेता येत नाही, फोन काउंटरवर येतो. एक वाजून पाच मिनिटांनी मला बोलावणं आलं. टिटवी होती.

"आई, आजो दारापाशीच बसलाय. स्टूल घेऊन. जेवला नाही, पाण्याला हात लावला नाही. घसा बसलाय त्याचा. मला म्हणतो, आतल्या बाई मघापासून बोलत नाहीत. मी दार उघडलं तर माझ्या मागेच बघतोय. काय सांगू त्याला?"

"सांग, बाई सुटल्या."

"सांगितलं. तो विचारतोय, घरी पोचल्या का?"

काउंटरवर रांग होती. एक माणूस बाही वर करून माझ्याकडे बघत होता.

"पोचल्या म्हणून सांग," मी म्हणाले.

टिटवी फोन बाजूला धरून ओरडली, "आजो, पोचल्या!" मग काहीतरी खरखरीत ऐकू आलं.

"काय म्हणाले?"

"पाणी मागतोय."

त्यानंतर पाच महिने हेच चाललं. काही गोष्टी सुधारल्या. आतून उत्तर येईनासं झालं की अण्णा घाबरायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या उजव्या खांद्यावर काळंनिळं दिसलं, तेव्हा मला कळलं की ते दाराला धडका देत होते. मग समोरच्या काकू भाजी निवडायला आमच्या दाराबाहेर बसायला लागल्या. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे अण्णा विचारोत न विचारोत, त्या मोठ्याने दिसेल ते सांगत राहायच्या. कठडा आहे, मांजर आलंय, पोस्टमन येऊन गेला. "मांजर कुठून शिरलं?" अण्णा विचारायचे. काकूंमुळे अण्णा पाणी पिऊ लागले, कधीमधी दोन घास खाऊ लागले. मी काकूंचे पाय धरले तर त्या म्हणाल्या, "अगं, माझ्याशी इतकं कोण बोलतं?"

पण रोज एक वाजता दार उघडलं, की अण्णांचा प्रश्न ठरलेला. आणि रोज एक वाजून पाच मिनिटांनी मला फोन. पोचल्या का? पोचल्या. एवढंच. कधी टिटवीला उशीर झाला तर मी एकाच नळीवरचं नाव चार वेळा वाचायचे. तिने एकदा म्हटलं, "आई, मीच सांगत जाते ना, तुला कशाला रोज विचारायचं?" मी तिला रागावले.

अण्णा गेले तो रविवार होता. मी घरात होते, टिटवी घरात होती, दार सताड उघडं होतं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. कुणाला काही सांगायची, विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी लांब्या न बोलावता आला, चार स्क्रू काढले, कडी खिशात घातली आणि भोकं पुट्टी भरून बुजवली. रंग लावायला मात्र तो विसरला, आणि मीही त्याला म्हटलं नाही.

अकरा दिवसांनी मी कामावर गेले. सगळ्यांनी चौकशी केली, कुणी चहा आणून दिला. मी माझ्या जागेवर बसले. नमुने बरेच साचले होते, मान वर करायला फुरसत नव्हती.

एक वाजला तेव्हा मी उठले, हातमोजे काढले, हात धुतले आणि काउंटरवर फोनपाशी जाऊन उभी राहिले.